मुलांचे शब्द जसेच्या तसे: दांडिया बाजारातील एका ट्रान्सक्रिप्शन सेवेविषयी

माझ्या पीएच.डी.साठी ध्वनिमुद्रित केलेल्या ३८ मुलाखती गेल्या सात महिन्यांत मी बडोद्याच्या दांडिया बाजारात चालणाऱ्या एका घरगुती ट्रान्सक्रिप्शन सेवेकडे दिल्या. त्यांपैकी ३४ टंकलिखित होऊन हातात आल्या आहेत आणि चार अजून तिथेच आहेत. आमच्या विभागातील तिघी-चौघींनी आणि समाजकार्य शाखेतील एका विद्यार्थ्याने या सेवेविषयी मला विचारले, तेव्हा प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावे असे ठरवले. सेवेचे नाव मी देत नाही. तिच्या हातून झालेली एक गंभीर चूक पुढे सांगायची आहे, आणि तीन माणसांनी कष्टाने उभ्या केलेल्या कामावर त्या एका चुकीचा शिक्का बसू नये अशी माझी इच्छा आहे. ज्यांना खरोखर काम द्यायचे आहे त्यांना दांडिया बाजारातल्या कोणत्याही मराठी घरी विचारले तरी पत्ता मिळेल.

आधी हे सांगायला हवे की मी त्यांच्याकडून नेमके काय मागत होते. अल्पसंख्याक समाजातील आणि जोखमीच्या परिस्थितीत वाढणाऱ्या किशोरवयीन मुलांचा विकास हा माझा विषय आहे. शहरातील दोन मुस्लिमबहुल वस्त्यांतील १३ ते १७ वयाची मुले आणि मुली माझ्याशी बोलली. शाळा अर्धवट सुटण्याची, वयाआधी कामाला लागण्याची, घर आणि वस्ती एकाएकी बदलावी लागण्याची जोखीम त्यांच्या आयुष्यात आहे, आणि तरीही त्यांपैकी कित्येक जण ज्या हिमतीने आणि शहाणपणाने वाढत आहेत ते कसे घडते, हा माझा प्रश्न आहे. हवाईतील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला, तेव्हा अनेक प्रकारच्या जोखमीत जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम आणि आत्मविश्वासू तरुण झालेली त्यांना आढळली. तेव्हापासून या क्षेत्रात ‘काय बिघडले’ या प्रश्नाच्या शेजारी ‘काय टिकले’ हा प्रश्नही उभा राहिला.

अल्पसंख्याक मुलांविषयीची बरीचशी मांडणी अमेरिकेतून आली आहे आणि ती तिथल्या कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांच्या अनुभवांवर उभी आहे, म्हणून ती उचलून बडोद्यात ठेवता येत नाही, याची मला जाणीव आहे. पण तिच्यातील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. सिंथिया गार्सिया कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या प्रारूपाने पूर्वग्रह, भेदभाव आणि वस्त्यांचे वेगळेपण या गोष्टी विकासाच्या अभ्यासाच्या परिघावरून मध्यभागी आणल्या; त्याआधी या मुलांची बहुसंख्य समाजातील मुलांशी तुलना करून त्यांच्यात काय उणे आहे तेवढेच मोजण्याची रीत मोठ्या प्रमाणावर रूढ होती. मार्गारेट बील स्पेन्सर यांनी त्याच दशकात दाखवले की एकाच जोखमीला दोन मुले दोन वेगळे अर्थ देतात आणि पुढची वाटचाल बरीचशी त्या अर्थावर ठरते. आता अर्थच जर अभ्यासायचा असेल, तर मुलाने वापरलेला शब्द हीच माझी सामग्री झाली. तो शब्द टंकन करणाऱ्याच्या हातून बदलला तर माझ्या प्रबंधातले विश्लेषण कितीही बारकाईचे असले तरी ते त्या मुलाविषयी उरत नाही.

म्हणूनच पहिल्या भेटीत मी ही सेवा चालवणाऱ्या काकूंना सांगितले की मला शब्दांकन नको, ट्रान्सक्रिप्शन हवे. मराठीत आपण दिवाळी अंकातील मुलाखतीखाली ‘शब्दांकन’ असे वाचतो, तेव्हा बोलणाऱ्याचे अडखळणे, अर्धी सोडलेली वाक्ये आणि पुन्हा पुन्हा आलेले शब्द कोणीतरी प्रेमाने झाडून काढलेले असतात. वाचकासाठी ते योग्यच आहे. माझ्या कामासाठी तो केर म्हणजेच धान्य होते.

काकू पूर्वी एका वकिलांकडे गुजराती टंकलेखनाचे काम करीत असत, त्यामुळे साक्षीदाराचे वाक्य सुधारायचे नसते ही शिस्त त्यांच्या बोटांत मुरलेली आहे. त्यांच्याबरोबर त्यांचा भाचा काम करतो, आणि उर्दू वाचता-लिहिता येणाऱ्या एक बाई आठवड्यातून तीन दिवस येतात, ज्यांना सगळे आपा म्हणतात. वाड्याच्या पहिल्या मजल्यावरील एका खोलीत तीन संगणक आहेत. ध्वनिमुद्रणे ज्या संगणकावर ठेवली जातात त्याला इंटरनेटची जोडणीच नाही. फाइल पेन ड्राइव्हवरच न्यावी लागते, व्हॉट्सॲपवर पाठवलेली काकू उघडत नाहीत, आणि काम पूर्ण झाल्यावर आपल्यासमोर फाइल पुसून वहीत सही घेतात. ही वही मला फार आवडली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज १२ ते १८ वयाच्या मुलांची स्वतःची लेखी अनुमती घ्यावी लागते, आणि माझ्या अनुमतीपत्रात ‘तुझा आवाज कोण कोण ऐकेल’ असा एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर तीन बोटांवर मोजून देता आले, हे या सेवेमुळे शक्य झाले.

दर साधे आहेत. शुद्ध गुजराती ध्वनिमुद्रणाला मिनिटाला १८ रुपये आणि गुजराती, हिंदुस्तानी व उर्दू मिसळलेल्या बोलण्याला २४ रुपये पडले. माझ्या जवळजवळ सर्व मुलाखती दुसऱ्या प्रकारच्या होत्या. फेलोशिप नसलेल्या विद्यार्थ्याला ही रक्कम जड जाते. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९ पासून अधिसूचित अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांना मिळत असे, ती २०२२-२३ पासून बंद झाली, आणि या विषयावर त्या समाजातूनच येऊन काम करू शकणाऱ्या मुलामुलींना त्याचा फटका बसला आहे. मी त्या समाजातील नाही, पण माझ्यापेक्षा हा अभ्यास अधिक आतून करू शकली असती अशी एक मैत्रीण मी या काळात क्षेत्रकामातून बाहेर पडताना पाहिली. काकूंनी विद्यार्थ्यांना हप्त्यांत पैसे देण्याची मुभा दिली आहे, हे म्हणूनच आवर्जून नोंदवते.

आता कामाच्या दर्जाकडे येते. पुढील उदाहरणांत मुलांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि त्यांचे शब्द वापरण्याची अनुमती त्यांच्याकडून व पालकांकडून घेतली आहे.

आठवीनंतर शाळेत न गेलेल्या एका मुलीला मी कारण विचारले, तेव्हा ती गुजरातीत म्हणाली, ‘मन उठी गयुं.’ काकूंच्या भाच्याने पहिल्या मसुद्यात येथे ‘शाळा सोडली’ असा अर्थ लिहिला होता. काकूंनी तपासताना ते खोडून मुलीचे तीन शब्द पुन्हा बसवले आणि समासात लिहिले की ती आधी चार सेकंद थांबली आहे आणि ‘उठी’वर तिचा आवाज खाली गेला आहे. शाळा सोडणे ही एक कृती आहे, जिच्यामागे निर्णय असतो किंवा सक्ती असते. मन उठणे ही हळूहळू घडलेली गोष्ट आहे, आणि ती घडवण्यात वर्गाचा, शिक्षकाचा, शेजारी बसणाऱ्या मुलींचा वाटा असू शकतो. पुढच्या भेटीत मी तिला एवढेच विचारले की मन कधीपासून उठायला लागले. त्यावर ती चाळीस मिनिटे बोलली. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या सच्चर समितीने २००६ च्या अहवालात ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले कधी शाळेतच गेली नाहीत किंवा त्यांनी ती सोडली, असे नोंदवले होते. त्या टक्केवारीतील ‘सोडली’ या एका क्रियापदात किती वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतील, याचा विचार मी त्या दिवसापासून करते आहे.

आपांच्या कामाचेही एक उदाहरण द्यायलाच हवे. अनेक मुले सहज म्हणतात, ‘मैं मदरसे जाता हूँ.’ मी सुरुवातीला ते शिक्षणाच्या रकान्यात तसेच भरत होते. आपांनी प्रत्येक ठिकाणी टीप लिहिली की हा मुलगा दिवसा शाळेतच जातो आणि ज्याला तो मदरसा म्हणतो तो सकाळ-संध्याकाळचा तास-दीड तासाचा वर्ग, म्हणजे मकतब आहे. हा फरक सच्चर समितीनेही स्पष्ट केला होता आणि शालेय वयातील मुस्लिम मुलांपैकी पूर्णवेळ मदरशांत जाणारी मुले जेमतेम तीन टक्के असल्याचे म्हटले होते. आपांची टीप नसती तर माझ्या तक्त्यात नऊ-दहा शाळकरी मुले शाळेबाहेरची म्हणून गेली असती. हे काम टंकनाच्या दरात बसत नाही. त्यांनी ते केले, कारण त्यांना ही मुले कशी दिसणार याची काळजी होती.

आणि तरीही याच खोलीतून ती चूक बाहेर पडली.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगोत्सवाच्या, आधीच्या महिन्यांत पतंगाची दोरी तयार करणाऱ्यांकडे कामाला जाणारा एक पंधरा वर्षांचा मुलगा माझ्या अभ्यासात आहे. खांबांमध्ये ताणलेल्या दोऱ्यावर काचेची पूड, चिकट खळ आणि रंग यांची लुगदी हाताने फिरवत नेण्याच्या या कामाला गुजरातीत ‘दोरी पिवडाववी’ म्हणतात, आणि आमच्याकडची मुले हिंदुस्तानीत बोलतानाही तोच शब्दप्रयोग ठेवून ‘दोरी पिलाता हूँ’ असे म्हणतात. त्या आठवड्यात काकू आजारी होत्या आणि कामाचा ढीग साचला होता. भाच्याने मला न विचारता नऊ मुलाखती एका स्वयंचलित सॉफ्टवेअरमधून काढल्या आणि वरवर नजर फिरवून छापल्या. माझ्या हातात आलेल्या पानावर त्या मुलाच्या तोंडी वाक्य होते, ‘शाम को दारू पिलाता हूँ.’

मी ते वाचले तेव्हा माझे हात गार पडले. गुजरातमध्ये राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. दोन मात्रांच्या फरकाने कष्टाचे काम करणारा मुलगा कायदा मोडणारा झाला होता. मुलाखत मी स्वतः घेतलेली नसती, किंवा घेतल्याला वर्ष उलटलेले असते, तर मला ते वाक्य खोटे वाटले असते का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. ‘जोखमीतील किशोर’ हे शब्द एकदा फाइलच्या डोक्यावर लिहिले की खाली दारू हा शब्द आला तर डोळा अडखळत नाही. दोरी आली तर अडखळतो. त्या यंत्राने जशी चूक केली तशीच चूक करायला आम्ही अभ्यासकही तयार बसलेले असतो, आणि मुस्लिम वस्तीतील मुलगा असेल तर अधिकच.

शिवाय करारात ध्वनिमुद्रण इंटरनेटवर जाणार नाही असे स्पष्ट लिहिलेले असताना नऊ मुलांचे आवाज बाहेरच्या यंत्रणेकडे गेले होते. मी आमच्या मार्गदर्शकांना आणि नैतिकता समितीला लेखी कळवले, आणि नऊही मुलांच्या घरी जाऊन झालेली गोष्ट सांगितली. काकूंनी सबब सांगितली नाही. त्यांनी त्या सेवेवरील खाते माझ्यासमोर उघडून फाइल पुसल्या, नऊही मुलाखती पहिल्या सेकंदापासून पुन्हा स्वतः ऐकून टंकल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि भाच्याने माझी लेखी माफी मागितली. मुलांची माफी मागणे मात्र माझे काम होते. तो दोरीवाला मुलगा सगळे ऐकून घेऊन म्हणाला, ‘दीदी, अब सही लिखा न? पढ़ के सुनाओ.’ मी नवे पान वाचून दाखवले. बोटांना काचेने कापू नये म्हणून पट्टी कशी गुंडाळायची याचे वर्णन त्यात होते. तिथे त्याने मला थांबवले आणि मधल्या बोटाची पट्टी दुहेरी असते, ते आधी सांगायचे राहिले होते, ते घालायला लावले.

या प्रसंगानंतर मी सेवा बदलली नाही, यावर काहींनी आश्चर्य व्यक्त केले. माझे कारण असे की चूक झाल्यावर तिचा माग पूर्ण लागला. कोणी केली, कधी केली, फाइल कुठे गेली, सर्व वहीत सापडले. त्याआधी मी शहरातील एका मोठ्या कार्यालयाकडे नमुन्यादाखल दोन मुलाखती दिल्या होत्या. तिथून स्वच्छ, सुबक पाने आली होती, ज्यांत सर्व मुले एकसारखे व्याकरणशुद्ध गुजराती बोलत होती आणि एकही मूल कुठे थांबत नव्हते. टंकन कोणी केले हे विचारल्यावर तिथे उत्तर मिळाले नाही.

थांबण्याविषयी आणखी थोडे. काकू दोन सेकंदांपेक्षा मोठी शांतता कंसात सेकंदांसह लिहितात आणि त्या वेळी मागे काय ऐकू येते तेही लिहितात: अजान, शिवणयंत्र, कुणीतरी हाक मारणे. एका मुलाखतीत ‘घरी कोणाशी बोलतोस’ या माझ्या प्रश्नानंतर अकरा सेकंदांची शांतता आहे, मागे पाण्याचा नळ वाहतो आहे, आणि मग मुलगा म्हणतो, ‘छोड़ो न.’ दुसऱ्या एखाद्या ठिकाणी याचे ‘उत्तर नाही’ झाले असते. आमच्याच विद्यापीठाच्या मानव विकास विभागात दीर्घकाळ शिकवलेल्या टी. एस. सरस्वती यांनी भारतातील सर्वच मुलांच्या वाट्याला किशोरावस्था नावाचा वेगळा टप्पा येतो का, की कित्येक मुले बालपणातून थेट मोठ्यांच्या जगात जातात, असा मूलभूत प्रश्न विचारला होता. घरात कमावणारा झालेला तो मुलगा आपल्या दुःखाविषयी बोलायला कोणाकडे जाणार, हे त्या अकरा सेकंदांत मला पहिल्यांदा ऐकू आले, आणि तेही कागदावर वाचताना. समोर बसले असताना मी पुढचा प्रश्न शोधत होते.

एका मुलाखतीत कामाच्या जागी झालेल्या मारहाणीचा उल्लेख होता. करारात मी असे कलम घातले आहे की मुलाच्या सुरक्षिततेशी संबंधित काही ऐकू आले तर टंकन थांबवून त्याच दिवशी मला फोन करायचा. मला ती गोष्ट आधीच ठाऊक होती आणि पुढची पावले उचललेली होती, पण काकूंचा फोन दहा मिनिटांत आला. लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, त्यात टंकन करणाराही आला, हे त्यांना मी सांगण्याआधीच माहीत होते. अशा मुलाखती ऐकून त्यांनाही त्रास होतो. आपा एकदा दोन दिवस आल्या नाहीत. या कामाची किंमत ठरवताना आपण हा भाग धरत नाही, आणि तो धरायला हवा असे माझे मत झाले आहे. कठीण मुलाखतींसाठी मी आता स्वतःहून अधिक दर देते आणि दिवसाला अर्ध्या तासापेक्षा जास्त ध्वनिमुद्रण देत नाही.

बाकी उणिवा किरकोळ आहेत. सुरुवातीची पाने जुन्या, युनिकोड नसलेल्या गुजराती फाँटमध्ये आली आणि मुलाखतींतील मजकुराचे विषयवार गट पाडण्याच्या, म्हणजे कोडिंगच्या, माझ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची नुसती चिन्हे उमटली. आता सर्व काम युनिकोडमध्ये होते, पण पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. नवरात्रात नऊ दिवस काम बंद असते. मिश्र भाषेच्या एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला तीन ते चार दिवस लागतात आणि घाई केली तर काकू काम नाकारतात, जे मला योग्य वाटते.

ज्यांना प्रबंध जमा करायला महिना उरला आहे त्यांनी येथे जाऊ नये. ज्यांच्या मुलाखती मुलांच्या, आणि त्यातही ज्यांच्याविषयी लोक आधीच मत बनवून बसलेले असतात अशा मुलांच्या आहेत, त्यांनी जरूर जावे. मात्र पहिल्या पाच मुलाखती स्वतः टंकाव्यात, म्हणजे काय मागायचे ते कळते. सॉफ्टवेअर वापरणार नाही असे लेखी घ्यावे, आणि आलेले प्रत्येक पान ध्वनिमुद्रण कानाला लावून एकदा वाचावे. माझ्या उरलेल्या चार मुलाखती उत्तरायणानंतरच्या आठवड्यात मिळतील असे काकूंनी सांगितले आहे. त्यांतील एक त्या दोरीवाल्या मुलाची दुसरी मुलाखत आहे, आणि ती त्या भाच्याने स्वतः मागून घेतली आहे.